मांजराची नखं काढायची का?



दिवाळीच्या आधी आमच्या गटाच्या बैठकीत असा एक विषय निघाला की बचतीची वही आणि कर्जाचे हप्ते दोन्ही बाजूला राहिले. विषय होता मांजराच्या नखांचा. हसू नका. त्या दिवशी आम्हीही आधी हसलो, मग भांडलो आणि शेवटी गटाच्या पैशातून एक चुकीचं काम करायचं ठरवून उठलो. ते काम झालं नाही, ते का झालं नाही, हेच आज सांगायचं आहे.

आमचा गट गोधड्या शिवतो. शिवणकाम एका जुन्या खोलीत चालतं. तिथंच जुन्या साड्यांचे गठ्ठे आणि तयार गोधड्यांची थप्पी असते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात उंदरांनी सात गोधड्या कुरतडल्या. आम्ही विष ठेवलं, तर एक उंदीर भिंतीत जाऊन मेला आणि पंधरा दिवस खोलीत बसवेना. शेजारच्या काकूंची कोंबडीही त्याच आठवड्यात गेली. कशाने गेली ते आम्हाला कळलं, पण काकूंना सांगायचं धाडस झालं नाही. मग एक चितकबरी मांजर आपणहून आली. तिला आम्ही दूधभाकरी घालू लागलो, चिंगी म्हणू लागलो, आणि दोन महिन्यांत उंदीर दिसेनासे झाले.

यंदा पुण्याच्या एका दुकानाने बारा गोधड्या सांगितल्या. नऊ चांगल्या गेल्या. तिघींवर चिंगीने नखं चालवली होती. टाके उसवलेले, मऊ सुती साडीचे धागे ओढून वर आलेले. आणि त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका मावशींच्या चार वर्षांच्या नातीने चिंगीची शेपटी ओढली. चिंगीने तिच्या हातावर बोचकारलं. तीन लांब ओरखडे, रक्त आलेलं.

बैठकीत तीन उपाय पुढे आले. एक म्हणाली, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या. दुसरी म्हणाली, पक्कड आणा, मुळापासून नखं कापू, कोंबड्याची नाही का कापत. तिसरीचा भाचा अमेरिकेत आहे. ती म्हणाली, तिकडे घरात मांजर पाळतात ना, तर डॉक्टर ऑपरेशन करून नखंच काढून टाकतात, कायमची कटकट जाते. हा तिसरा उपाय सगळ्यांना सभ्य वाटला. मांजर राहील, उंदीरही जातील, गोधड्याही वाचतील. पैसे गटातून द्यायचे असं ठरलं आणि आम्ही दोघीतिघी चिंगीला झाकणाच्या टोपलीत घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मांजराबद्दल नव्हताच. त्या म्हणाल्या, "त्या मुलीला इंजेक्शन दिलं का?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हळद लावली होती. वर थोडा चुना. ओरखडे सुकत आले होते. तिसरा दिवस होता.

त्या म्हणाल्या, मांजराचं नंतर बघू, आधी मुलीच्या घरी फोन लावा. आम्ही तिथूनच फोन केला. मुलीला त्याच संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. आमच्या डोक्यात गोधड्यांचं नुकसान इतकं बसलं होतं की पोरीच्या हाताचं आम्ही कोणी मोजलंच नव्हतं. म्हणून आम्हीही आज हेच आधी सांगतो.

रेबीज फक्त पिसाळलेल्या कुत्र्यामुळे होतो असं आपल्याकडे पक्कं बसलंय. तो मांजरामुळेही होऊ शकतो. रोगाचे विषाणू जनावराच्या लाळेत असतात, आणि मांजर दिवसातून दहा वेळा आपले पंजे चाटतं. त्यामुळे नुसतं बोचकारलं तरी जखमेत लाळ जाऊ शकते. चावलंच पाहिजे असं नाही. हा रोग एकदा अंगात उघड झाला की त्यावर औषध नाही, माणूस जातोच म्हणा. पण लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर तो टाळता येतो. म्हणून ओरखडा उठला की पहिलं काम पाणी आणि साबण. वाहत्या पाण्याखाली, कपड्याचा साबण असला तरी चालेल, पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. पंधरा मिनिटं फार वाटतात. मूल रडतं, आपण दोन मिनिटांत थांबतो. थांबू नका. धुतल्यावर घरात पोव्हिडोन आयोडीनचं औषध असेल तर ते लावा. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यातलं काहीही लावू नका. घट्ट पट्टीही बांधू नका. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

रक्त आलेलं असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर जखमेच्या भोवती द्यायचं आणखी एक औषध लागतं. लस एका सुईत संपत नाही. पुढच्या तारखा कागदावर लिहून मिळतात आणि त्या सगळ्या पाळाव्या लागतात. धनुर्वाताचंही विचारून घ्या. उशीर झाला असेल तर "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका. तिसऱ्या दिवशी गेलो तरी त्या दिवशी सुरुवात होते, जशी आमच्या नातीची झाली. मांजर घरचं असेल तर त्याला दहा दिवस नजरेसमोर ठेवा. या दहा दिवसांत ते आजारी पडलं, विचित्र वागू लागलं किंवा मेलं तर लगेच आरोग्य केंद्रात कळवायचं. याच कारणासाठी, बोचकारणाऱ्या मांजराला रागाने नदीपलीकडे सोडणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. मग बघायला मांजरच उरत नाही.

चिंगी दहाव्या दिवशीही ठणठणीत होती. मुलीची लस मात्र डॉक्टरांनी सांगितली तशी सुरूच राहिली.

आता नखांचं. डॉक्टरबाईंनी आमच्यातल्या एकीचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटाचं शेवटचं पेर चिमटीत धरलं, नखाखालचं. म्हणाल्या, "मांजराची नखं काढणं म्हणजे इथून तोडणं."

आम्हाला वाटलं होतं, दात उपटावा तसं नख उपटत असतील. तसं नाही. आपलं नख मांसावर बसलेलं असतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नुसतं नख काढलं तर ते पुन्हा उगवणार. ते कायमचं जायला हवं असेल तर ते हाडच कापावं लागतं. मांजराच्या पुढच्या एकेका पंजाला पाच बोटं, मागच्याला चार. पुढचे दोन पंजे केले तरी दहा बोटांची दहा पेरं तोडायची, आणि मांजर उरलेलं आयुष्य त्याच बोटांवर चालणार. मांजर आपल्यासारखं टाचेवर चालत नाही, बोटांवर चालतं.

ती बाई, जिचं बोट धरलं होतं, तिने हात मागे घेतला. पक्कड आणा म्हणणारी तीच होती.

अमेरिकेत हे ऑपरेशन बरीच वर्षं सर्रास व्हायचं, हे भाच्याचं म्हणणं खोटं नाही. सोफे वाचावेत म्हणून लोक करायचे. पण तिकडचीही हवा बदलली आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली, मेरीलँडने २०२२ मध्ये. ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत केवळ माणसाच्या सोयीसाठी हे करता येत नाही. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात जनावराचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा धरला आहे. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं, हेही त्याच कलमात येतं. म्हणजे आमच्या बैठकीतले तिन्ही उपाय एका कलमात बसत होते! बोटाला गाठ झाली, बोट चिरडलं, सडलं, तर त्या एका बोटाचं ऑपरेशन डॉक्टर करतात. ती गोष्ट वेगळी. ते मांजरासाठी असतं.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब जमत नाही, हे आम्हाला तिथं बसल्या बसल्या कळलं. नखं गेलेलं मांजर उंदीर कशाने धरणार? कुत्रं मागे लागलं तर झाडावर कशाने चढणार? आपल्या गावात मांजर चोवीस तास घरात कोंडलेलं नसतं. पंजे दुखत असले की त्याला माती उकरवत नाही, मग ते मातीत जायचं सोडून गोधडीवर किंवा कपड्यांच्या गठ्ठ्यावर घाण करू लागतं. काही मांजरं लंगडतात. कधी आत राहिलेल्या तुकड्यातून नख वेडंवाकडं पुन्हा वाढतं आणि आतल्या आत टोचत राहतं. आणि नखांची धमकी उरली नाही की घाबरलेलं मांजर सरळ दात वापरतं. चावा ओरखड्यापेक्षा खोल जातो. म्हणजे ज्या पोरीसाठी हे करायचं, तिचाच धोका वाढायचा. पक्कडीने मुळापासून कापणं तर याहून वाईट, कारण नखाच्या आत रक्ताची शीर आणि जिवंत मांस असतं. तिथं पक्कड लागली की मांजर तुमचा हात फोडणारच.

मग मांजर ओरबाडतं तरी का? आमच्या गटात यावर एकमत होतं की चिंगी खोडसाळ आहे. ती खोडसाळ नाही. मांजराचं नख कांद्यासारखं थरांनी वाढतं. बाहेरचा जुना पापुद्रा निघाला की आतलं ताजं टोक बाहेर येतं. तो पापुद्रा काढायला ते खरखरीत जागा शोधतं. तुमच्या घरी मांजर असेल तर त्याच्या आवडत्या खांबाखाली बघा, नखाच्या आकाराची पोकळ टरफलं सापडतील. आम्हाला वाटायचं नख तुटून पडलं. दुसरं कारण, अंग ताणणं. झोपून उठलं की ते पुढचे पाय वर टेकवून पाठ लांबवतं, तेव्हाच नखं रुततात. तिसरं, पंजाच्या गाद्यांतून वास सुटतो. ओरखडा आणि वास मिळून ती जागा त्याची होते, दाराला नावाची पाटी लावावी तशी. म्हणून ते पुन्हा पुन्हा त्याच जागी जातं. मारून ही सवय जात नाही. मारलं की ते आपल्यादेखत करत नाही, एवढंच. आपण गेलो की करतं, आणि आपल्याला घाबरायला लागतं ते वेगळं.

तेव्हा ओरबाडण्याला त्याची जागा करून द्यायची. बाजारात यासाठी तयार खांब मिळतात, महागडे. आपल्याला ते नकोत. आम्ही बाभळीचा एक बुंधा घेतला, साधारण तीन फुटांचा. उंची महत्त्वाची, कारण मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता आलं पाहिजे. त्याला काथ्याची दोरी खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून, आणि दोन्ही टोकांना खिळे आतल्या बाजूला ठोकले. खाली जड फळी. पहिल्यांदा आमची फळी हलकी पडली, चिंगीने पंजे टेकले आणि बुंधा तिच्याच अंगावर आला. पुढचे आठ दिवस ती त्याच्याकडे फिरकली नाही. मग आम्ही तो खोलीच्या लाकडी खांबालाच तारेने बांधून टाकला. हलणारी जागा मांजराला चालत नाही, हे लक्षात ठेवा. दोरी नसेल तर तरटाचं पोतं तीनचार घड्या करून खांबाला खिळलं तरी भागतं. काही मांजरं उभं न ओरबाडता आडवं ओरबाडतात, त्यांना पोतं जमिनीवर खिळलेलं आवडतं. तुमचं मांजर कसं करतं ते आधी बघा.

खांब कुठं ठेवायचा, तर जिथं नुकसान होतंय तिथंच, किंवा जिथं ते झोपतं तिथं. कोपऱ्यात नेऊन ठेवला तर तो कोपऱ्यातच राहील. सवय लागली की रोज वीतभर सरकवत हवा तिथं न्यावा.

त्याला तिकडे वळवायला डॉक्टरबाईंनी एक गंमत सांगितली, जी आमच्यातल्या एका आजींना आधीच ठाऊक होती. पावसाळ्यात परसात खोकली नावाचं तण उगवतं, काही जण त्याला कुप्पी म्हणतात. ते मुळासकट उपटलं की मांजर मुळाशी येऊन लोळायला लागतं, नशा चढल्यासारखं. ते ताजं मूळ धुऊन दोरीवर चोळायचं. खायला घालायचं नाही, फक्त वास लावायचा. चिंगी त्या दिवशी खांबाला मिठी मारून बसली होती. सगळ्याच मांजरांना याचं वेड नसतं, पण फुकटचं आहे, करून बघा.

आणि गोधड्या? खरं सांगायचं तर अर्धी चूक आमची होती. मऊ, खरखरीत टाक्यांची, उबदार थप्पी उघडी ठेवली तर दुसरं काय होणार! आता तयार माल पत्र्याच्या पेटीत जातो. पेटी पैसे जमल्यावर आली. तोवर थप्पीवर प्लास्टिकचा गुळगुळीत कागद बांधत होतो, त्याच्यावर नख रुतत नाही. वर लिंबाची साल ठेवायचो; तो वास बऱ्याच मांजरांना नको असतो, पण साल वाळली की परिणाम गेला, रोज बदलावी लागते. आम्ही चार दिवसांत कंटाळलो.

नखांची टोकं मात्र बोथट करता येतात, आणि घरात लहान मूल असेल तर करावीत. काम दोघींचं. मांजर झोपाळलेलं असताना एकीने त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, एकच पंजा बाहेर. दुसरीने बोट वरून आणि खालून अलगद दाबलं की नख बाहेर येतं. पांढऱ्या नखाला उजेडात धरलं तर आत गुलाबी भाग दिसतो. तो जिवंत भाग. त्याच्या बऱ्याच अलीकडे, फक्त वाकडं अणकुचीदार टोक, अर्ध्या तांदळाएवढं, नेलकटरने कापायचं. काळ्या नखात गुलाबी दिसत नाही, तिथं आणखी कमी कापा. चुकून रक्त आलंच तर स्वच्छ फडक्यावर चिमूटभर पीठ घेऊन थोडा वेळ दाबून धरा, थांबतं. अंगठ्यासारखं एक नख पंजाच्या आतल्या बाजूला वर असतं, ते झिजत नाही, त्याला विसरू नका. सगळी नखं एका बैठकीत झाली पाहिजेत असं कुठं आहे? आज दोन, उद्या दोन. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. मागच्या पायांना सहसा हात लावायची गरज नसते. रात्रंदिवस बाहेर फिरणाऱ्या, कुत्र्यांशी गाठ पडणाऱ्या मांजराची नखं मात्र शक्यतो तशीच राहू द्या. म्हाताऱ्या मांजराची जरूर तपासा. ते ओरबाडणं कमी करतं आणि वाढलेलं नख वळून गादीत रुततं.

मुलांना मांजराशी कसं वागायचं ते शिकवायला वेळ लागतो, पण दुसरा इलाज नाही. शेपटी ओढायची नाही, खाताना आणि झोपताना हात लावायचा नाही, कान मागे गेले आणि शेपटी आपटायला लागली की उठून जायचं. पिल्लाशी बोटांनी खेळायची सवय तर लावूच नका. लहानपणी गुदगुल्या वाटतात, मोठं झाल्यावर तेच मांजर हाताला शिकार समजतं. काठीला चिंधी बांधून खेळवा. तान्ह्या बाळाच्या पाळण्याला मच्छरदाणी लावा आणि बाळ व मांजर या दोघांना एकट्याने एका खोलीत सोडू नका.

शिवणाऱ्या बायकांना एक वेगळं सांगायचं आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकता येत नाही, गिळत जावा लागतो. लांब दोरा आतड्यात अडकला की आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि मांजर मरू शकतं. सुईसकट गिळलं तर विचारूच नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. आमच्याकडे आता काम संपलं की दोऱ्याची रिळं आणि सुयांची डबी मोजून बंद होते. ही शिस्त खरं म्हणजे पोरांसाठीही लागतच होती.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही ऑपरेशन न करता परत आलो. चिंगीला तिथंच रेबीजची लस टोचून घेतली, कारण तीन महिन्यांवरच्या मांजराला ती देता येते आणि नंतर दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. नसबंदीसाठी पुढची तारीख घेतली. तालुक्याला जाण्याआधी फोन करून लस शिल्लक आहे का ते विचारून घ्या, नाहीतर टोपलीत ओरडणारं मांजर घेऊन एसटीने दोन फेऱ्या होतात.

तीनपैकी दोन गोधड्यांचे टाके आम्ही पुन्हा घातले आणि त्या गावातच कमी भावाने विकल्या. तिसरीचे धागे इतके ओढले गेले होते की ती दुरुस्त होईना. ती आता खोलीत खांबापाशी अंथरलेली आहे. दिवाळीपासून पेटीबाहेर राहिलेल्या एका साडीच्या गठ्ठ्यावर एकदा नखं उमटली, तेवढीच. दोरी खालच्या बाजूने झिजली आहे, ती या महिन्यात बदलायची आहे.

तुमच्या गटात कोणी याहून सोपा खांब केला असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या वेळी सांगू.